लोक दुकान बघतात, ऑर्डर येत नाही: शेवटी काय उपयोगी पडलं

लक्षण असं: हाताने विणलेल्या पिशव्यांचं ऑनलाइन दुकान. रोज लोक येऊन बघतात, लाइक देतात, ऑर्डर मात्र शून्य.

जाहिरात लावली, सवलत दिली, रोज पोस्ट टाकल्या, फरक नाही. फार वैताग आला. मूळ अडचण होती ती दुकानाच्या पानावरच.

उपयोगी पडलेला क्रम असा. आधी वस्तू 40 वरून 8 वर आणल्या. मग नावं बदलली. 'सांजरंग' असं कोणी शोधत नाही. 'क्रोशाची सुती खांदापिशवी, निळी' असं शोधतात. त्यानंतर फोटो: खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश आणि घरातला दिवा दोन्ही बंद. दोन उजेड मिसळले की रंग चुकीचा दिसतो आणि माल परत येतो. पहिला फोटो साध्या पार्श्वभूमीवर, दुसरा खांद्याला अडकवलेला (आकार यातच कळतो), तिसरा टाक्यांचा जवळून, चौथा अस्तराचा. वर्णनाच्या सुरुवातीलाच सेंटिमीटरमध्ये मापं, धागा, धुण्याची पद्धत, पाठवायला लागणारे दिवस. डिलिव्हरीचा खर्च किमतीतच धरला. पैसे भरताना आकडा वाढलेला दिसला की गिऱ्हाईक तिथूनच परत फिरतं.

खरा फरक यापुढे पडला. आधी पिशवी विकत घेतलेल्या ओळखीच्यांना एकेकाला वेगळा मेसेज केला: वापरातला एक फोटो आणि दोन प्रामाणिक ओळी द्या. बदल्यात काही दिलं नाही. काही देऊन घेतलेले अभिप्राय वाचणाऱ्याला ओळखू येतात. ओळखीच्यांचे अभिप्राय पानावर लागल्यावर पहिली अनोळखी ऑर्डर आली. जाहिरात त्यानंतर, तीही फक्त अभिप्राय असलेल्या वस्तूंची.