जीनोममधले जपलेले नमुने शोधताना या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सीच्या पोरांचे प्रकल्प मी तपासते. बहुतेकांना पऱ्हाटीचाच, म्हणजे कापसाचाच जीनोम (डीएनएच्या चार अक्षरांत लिहिलेली त्याची पूर्ण माहिती) हवा असतो, आणि त्याचा मला आनंदच आहे. पण काही चुका दरवर्षी होतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सारखं दिसलं की जपलेलं, म्हणजे कामाचं असल्यामुळे उत्क्रांतीत न बदलता टिकलेलं, समजणं. काल वाटण्या झालेल्या दोन भावांच्या घरांत भांडी सारखी असणारच. चार पिढ्यांनंतरही प्रत्येक घरात तेच पितळी घंगाळ असेल, तर ते कुणीतरी सांभाळलंय. जीनोमचंही तसंच. फार जवळच्या दोन जाती घेतल्या तर सगळंच सारखं दिसतं, कारण बदलायला वेळच मिळालेला नसतो. माणूस आणि उंदरांच्या दोन जाती वेगळ्या होऊन कोट्यवधी वर्षं झाली, तरी २००४ साली त्यांच्यात किमान २०० अक्षरांचे, एकाही अक्षराचा फरक नसलेले ४८१ तुकडे सापडले. इतक्या काळात किती बदल अपेक्षित होते ते ठाऊक असल्यामुळेच त्या शोधाला वजन आहे. म्हणून आधी बंधनमुक्त भागांत, म्हणजे जिथे बदल झाला तरी बिघडत नाही अशा भागांत, बदलाचा वेग किती आहे ते पाहा, मग आपला तुकडा त्याहून सावकाश बदललाय का ते तपासा. जाती तीन-चार तरी घ्या, काही जवळच्या, काही लांबच्या. पण इतक्याही लांबच्या नकोत, की अक्षराखाली अक्षर नीट जुळवताच येणार नाही.

छोट्या नमुन्यांवर भाळू नका. सहा अक्षरांचा एखादा नमुना १० लाख अक्षरांत निव्वळ योगायोगाने सुमारे २४४ वेळा येतो, चारही अक्षरं सम प्रमाणात धरली तर. अक्षरं विस्कटून तोच शोध पुन्हा चालवा. तेवढेच सापडले, तर हाती काही लागलेलं नाही.

कापसात आणखी एक फसगत होते. अमेरिकन कापसात ५२ गुणसूत्रं आहेत. ती दोन पूर्वजांकडून आली, म्हणून बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात, एकेका पूर्वजाच्या गटावरून ए आणि डी. देशी कापूस २६ गुणसूत्रांचा, ए गटातला. त्याच्या जनुकाशी चुकून डी प्रत जुळवली, तर दिसणारे फरक भलत्याच, म्हणजे ए आणि डी गट वेगळे झाले त्या जुन्या फाटाफुटीचे असतात. शेजारची जनुकं त्याच क्रमाने आहेत का, ते बघूनच जोडी ठरवा.

फास्टा फाइलमधली (जीनोमची अक्षरं याच फाइलीत असतात) लहान लिपीतली इंग्रजी अक्षरं बहुधा पुनरावृत्तीचे भाग दाखवतात. ती मोठी करून टाकू नका. जीनोममधल्या जागा नोंदवणाऱ्या फाइलींत बेड फाइलची मोजणी ० पासून, जीएफएफची १ पासून.

आणि गावात हॉटस्पॉटवर उतरवलेली फाइल! एका मुलीने एक जनुक ‘या जातीतून नाहीसं झालं’ असं लिहिलं होतं. फाइल मध्येच तुटली होती, शेवटची गुणसूत्रं आलीच नव्हती. उघडताना कसलीही सूचना आली नाही. उतरवल्यावर एमडी५ आकडा (फाइलीतल्या मजकुरावरून निघणारी तिची खूण) मूळ ठिकाणी दिलेल्या आकड्याशी जुळवा, ‘>’ ने सुरू होणाऱ्या, म्हणजे प्रत्येक गुणसूत्राच्या नावाच्या ओळी मोजा, आणि मगच कामाला लागा.