अर्ज तिचा, अक्षरही तिचंच

आपल्या गल्लीत बायकांचा वर्ग सुरू करणार असाल, तर बाराखडीच्या तक्त्यावर पैसे घालू नका. प्रत्येकीला सांगा, घरातली कागदांची पिशवी घेऊन ये. ती असतेच: रेशनकार्ड, आधार, वीजबिल, घरपट्टीची पावती, विडी कामगाराचं ओळखपत्र. पहिला धडा एवढाच की त्यात स्वतःचं नाव शोधायचं. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू आडनावं मराठीत लिहिताना हमखास बिघडतात. एका कागदावर गड्डम, दुसऱ्यावर गडम, तिसऱ्यावर नवऱ्याचं नाव बापाच्या जागी. कमळातला ‘क’ महिनाभर डोक्यात शिरत नाही, पण आपल्या नावातला गेलेला ‘ड्’ बाईला दोन दिवसांत दिसायला लागतो.

वेळ त्यांना ठरवू द्या. विडीवाल्या सकाळी तयार विड्या देऊन पानं-तंबाखू आणतात, मग दिवसभर सूप मांडीवर. ते बाजूला ठेवा म्हणालात की वर्ग मोडला. हजार विड्यांमागे मजुरी ठरते, तिथं तासभर हात थांबवणं कुणाला परवडतं? वळू द्या. लिहायच्या दहा मिनिटांपुरतं सूप आपोआप खाली येतं.

जागेचा विचार मात्र तुम्हीच करा. देवळाचा मंडप फुकट मिळतो, पंखेही असतात, पण तिथं त्या समाजाच्याच बायका येतात. मागच्या गल्लीतली मुस्लिम बाई किंवा मोची समाजातली सून दारापर्यंत येऊन परत जाते, आणि तिला कुणी अडवलं असंही म्हणता येत नाही. अंगणवाडीची खोली लहान असली तरी बरी. बोलणंही तेलुगू, कन्नड, उर्दू, जे येईल त्यात चालू द्या. ‘मराठीत बोला’ म्हटल्यावर जी वर्गातच गप्प बसते, ती प्रभागातल्या बैठकीत तोंड कशी उघडेल?

जोडाक्षरांसाठी मी चार हुतात्म्यांची नावं घेते: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे. 12 जानेवारी 1931 ला फाशी गेलेली ही आपल्या गावची माणसं. पुतळ्यांवरून रिक्षा रोज जाते, नावं मात्र क्वचितच कुणी वाचलेली असतात. ल्ल, प्प, ट्ट, र्बा, श्री, ष्ण, न्ना, सगळं त्यात येतं.

मग मतदार यादी. ओळखपत्र हातात आहे म्हणून मत देता येतं, हा समज आधी काढा. यादीत नाव लागतं. नवं नाव घालायचं तर फॉर्म 6. दुरुस्ती असेल किंवा पत्ता बदलला असेल तर फॉर्म 8. महापालिकेसाठी वेगळी नोंदणी नसते, विधानसभेच्या यादीतूनच प्रभागाची यादी फोडतात. प्रारूप, म्हणजे कच्ची, यादी लागते तेव्हा हरकतीला थोडेच दिवस मिळतात, त्या आठवड्यात वर्गात दुसरं काही घेऊ नका. शहराबाहेर कुंभारीसारख्या गावच्या हद्दीत घर मिळून गेलेल्यांना सांगा, तिथं आता ग्रामसभा आहे आणि तिच्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते.

आता अर्ज. इथं शिकलेल्या माणसाचा हात आड येतो. ‘अक्का, तुम्हीच लिहा की ओ, तुमचं अक्षर चांगलं आहे,’ असं त्या म्हणणारच. लिहायचं नाही. तुम्ही लिहिलेला अर्ज घेऊन ती कार्यालयात गेली की बाबू विचारतो, कुणी लिहून दिला? आणि पुढचं सगळं बोलणं तुमच्याशी होतं, ती भिंतीला टेकून उभी. पुढच्या वेळी ती तुमच्याचकडे येणार. समाजकार्य करणाऱ्या पुष्कळांना हे आवडतं, हे मी पाहिलंय.

चार ओळी पुरतात: मी कोण, कुठं राहते, अडचण काय, काय हवं. एका अर्जात एकच विषय. नळ, गटार आणि दिवा एकत्र लिहिलंत तर अर्ज तीन टेबलांवर फिरतो. दोन प्रती करायच्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. ही पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. घरी जाऊन ‘पोच द्या’ हे दोन शब्द मोठ्यानं म्हणायची सवय करून घ्या, खरंच. आवाज तिथंच अडकतो.

अर्जाचं काय झालं ते कळलं नाही, तर माहितीचा अधिकार, 2005 चा कायदा. राज्य कार्यालयांसाठी जोडपत्र ‘अ’ हा अर्जाचा नमुना, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, मजकूर 150 शब्दांच्या आत. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही, दाखल्याची झेरॉक्स जोडायची. ‘रस्ता का केला नाही?’ असं विचारू नका, तो वाद होतो. ‘माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, त्या कागदांच्या प्रती द्या,’ असं मागा.

ज्यांना अजून लिहिता येत नाही, त्यांनी थांबायचं का? नाही. कायद्याच्या कलम 6 मध्येच आहे की कुणाला लिहून मागणं जमत नसेल, तर तोंडी सांगितलेलं लिहून घ्यायला माहिती अधिकाऱ्यानंच मदत करायची. ते कलम कागदावर ठळक छापून प्रत्येकीच्या पिशवीत ठेवा. नाही म्हटलं तर कागद पुढं करायचा. तुम्ही बरोबर जा, पण बाहेरच्या बाकावर बसा.

30 दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या 30 दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडं, म्हणजे प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडं अपील, 20 रुपयांचा स्टॅम्प लावून. सुनावणीला बोलावलं की तिनंच बोलायचं, त्यासाठी आदल्या संध्याकाळी वर्गात एकीला साहेब करा आणि तिला आडवेतिडवे प्रश्न विचारायला लावा. साहेब व्हायला आमच्याकडं रांग लागते.