मशीन सारखं का पडतंय? हार्डवेअरमधला दोष पकडायची माझी पद्धत

"फॉरमॅट मारून झालं, तरी बंद पडतंय." माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मशीनांबरोबर हे वाक्य येतं. संगणक प्रयोगशाळेची देखभाल हे माझं काम आहे, त्यामुळे वापरणारे वेगवेगळे आणि तक्रार मात्र एकच, हे मी रोज बघते. फॉरमॅटला माझा विरोध एकाच कारणासाठी आहे: त्यात पुरावा पुसला जातो. मशीन कधी पडलं, पडताना काय नोंदवून गेलं, हे सगळं त्याच डिस्कवर असतं आणि नेमकं तेच आपण आधी उडवतो.

म्हणून कॅबिनेट उघडण्याआधी माझा पहिला प्रश्न असतो, "पडतं म्हणजे नक्की काय होतं?" बंद पडण्याच्या तऱ्हा वेगळ्या असतात आणि प्रत्येक तऱ्हा वेगळ्या भागाकडे बोट दाखवते.

फटकन अंधार झाला, पंखेही थांबले, तर वीज तुटली आहे. एसएमपीएसने (मशीनला वीज पुरवणारा डबा, म्हणजेच पॉवर सप्लाय) स्वतःला वाचवायला हात वर केले, कुठेतरी शॉर्ट आहे, प्रोसेसर अति तापला किंवा भिंतीतला प्लग ढिला आहे. मशीन स्वतःहून रिस्टार्ट होत असेल तर घाई करू नका. विंडोजमध्ये निळा पडदा (मोठी चूक झाल्यावर कोड दाखवणारा) आल्यावर आपोआप रिस्टार्ट होण्याची सोय मुळातच चालू असते, त्यामुळे निळा पडदा येऊन गेलेला कळतही नाही. सिस्टीमच्या प्रगत सेटिंग्जमध्ये 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' आहे, तिथली ऑटोमॅटिक रिस्टार्टची खूण काढा आणि मग पुढच्या वेळची वाट बघा. पडदा दिसला तर एक वाट, न दिसता थेट रिस्टार्ट झालं तर दुसरी.

मशीन गोठत असेल तर कॅप्स लॉक दाबून बघा. कीबोर्डवरचा दिवा चालू-बंद होत असेल तर सिस्टीमचा गाभा अजून जिवंत आहे आणि संशय डिस्क किंवा ग्राफिक्सकडे जातो. माउस फिरतोय पण काहीच उघडत नाही, ही तर डिस्कची ठरलेली खूण. दिवाही हलत नसेल आणि स्पीकरमधून एकच आवाज घरघरत राहिला असेल, तर प्रोसेसर, रॅम किंवा बोर्ड.

आता नोंदी. विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर (नोंदी दाखवणारं साधन) उघडून सिस्टीम लॉगमध्ये जा. 'कर्नल-पॉवर ४१' बघून लोक लगेच "पॉवर सप्लाय गेला" म्हणतात. ते खरं नाही. मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं, एवढंच ४१ सांगतो. त्याच्या तपशिलात बगचेक कोड, म्हणजे निळ्या पडद्याचा कोड, बघायचा. तो शून्य असेल तर विंडोजला काही लिहायलाही वेळ मिळाला नाही, म्हणजे वीज गेली किंवा मशीन पार गोठलं. तिथेच पॉवर बटनाचा टाइमस्टॅम्प असतो. तो शून्य नसेल तर कुणीतरी बटन दाबून मशीन बंद केलं आहे. "मी हात लावला नाही" म्हणणाऱ्यांना मी ही ओळ दाखवते.

त्याहून मोलाची नोंद 'व्हीया-लॉगर'ची (WHEA-Logger). हा स्रोत दिसला की प्रोसेसरने स्वतः हार्डवेअरची तक्रार केली आहे असं समजा. त्यातला १८ क्रमांक म्हणजे घातक चूक. तिच्या तपशिलात प्रोसेसर कोअरचा एपीआयसी आयडी, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, दिलेला असतो. दर वेळी तोच आयडी येत असेल तर एकच कोअर कच्चा आहे. १७ आणि १९ या दुरुस्त झालेल्या चुका. एखादी दिसली तर सोडून द्या, रोज रांग लागली असेल तर नाही. 'डिस्क' स्रोताखाली ७ म्हणजे बॅड ब्लॉक, १५३ म्हणजे वाचन-लेखन पुन्हा करावं लागलं.

निळ्या पडद्याच्या कोडचं पाठांतर करण्याची गरज नाही. त्यांचा कल बघा. दर वेळी वेगळाच कोड आणि वेगळीच फाइल असेल तर माझा पहिला संशय रॅमवर. दर वेळी तोच कोड आणि त्याच ड्रायव्हरचं नाव येत असेल तर आधी तो ड्रायव्हर बदला. १२४ हा हार्डवेअरचा थेट कबुलीजबाब, ११६ ग्राफिक्सचा, ७ए बहुधा डिस्कचा किंवा तिच्या केबलचा.

सॉफ्टवेअर की हार्डवेअर याचा निकाल लावायला माझ्याकडे एकच भरवशाचा उपाय आहे: पेन ड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारी दुसरी सिस्टीम, चालवायचं. विंडोज नाही, तिचे ड्रायव्हर नाहीत, डिस्कही काढून ठेवता येते. त्यातही मशीन पडलं तर विंडोजची सुटका झाली. नाही पडलं तर एवढ्यावर काही सिद्ध होत नाही, कारण लाइव्ह सिस्टीमवर ग्राफिक्स कार्डाला फारसं काम पडत नाही.

आता कॅबिनेट उघडा. प्लग काढा, पॉवर बटन काही क्षण दाबून धरा म्हणजे उरलेला भार निघून जाईल, आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावून मग आत जा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, मोकळी भिरभिरू देऊ नका. त्यानंतर प्रत्येक कनेक्टर काढून पुन्हा बसवा: २४ पिनांचा मोठा, प्रोसेसरजवळचा ८ पिनांचा, ग्राफिक्सचे, डिस्कला जोडणाऱ्या साटाच्या केबली. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून सगळे टाळतात, आणि निम्म्या तक्रारी इथेच मिटतात असं माझं मत आहे.

एसएमपीएसवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण तो इतरांच्या नावावर खपतो. त्याच्या दोषाने रॅम चुकल्यासारखी दिसते, डिस्क गायब होते, ग्राफिक्सचा ड्रायव्हर कोसळतो. एटीएक्स या पॉवर सप्लायच्या मानकानुसार १२ व्होल्टची रेषा ५ टक्क्यांच्या आत हवी, म्हणजे ११.४ ते १२.६; ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५. हे मोजायचं मल्टिमीटरने, मशीन कामाला लावून, मोलेक्स कनेक्टरच्या (एसएमपीएसचा ४ पिनांचा) पिवळ्या आणि काळ्या तारेत. सॉफ्टवेअरमध्ये दिसणारे आकडे बोर्डावरच्या सेन्सरचे असतात. तिथे १२ व्होल्टच्या जागी ८ दिसले आणि मशीन चालूच असेल, तर खोटं सेन्सर बोलतोय. मल्टिमीटरचीही मर्यादा आहे. तो सरासरी दाखवतो, आणि आजची ग्राफिक्स कार्डं क्षणभरासाठी आपल्या नेहमीच्या मर्यादेच्या कितीतरी वर उसळी मारतात. ही उसळी एवढी नेहमीची झाली की २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० मानकात ती सोसण्याची अटच घातली गेली. तेव्हा वाईट आकडा दोष सिद्ध करतो, चांगला आकडा निर्दोष ठरवत नाही. मोठ्या कनेक्टरमधली हिरवी तार काळीला जोडून पंखा फिरवण्याची जी युक्ती सांगतात, तिने फक्त पंखा फिरतो एवढंच कळतं.

काही खर्च न करता करता येणारी चाचणी अशी. ग्राफिक्स कार्डाची पॉवर लिमिट आफ्टरबर्नरसारख्या साधनातून ६० ते ७० टक्क्यांवर आणा आणि नेहमीचं काम करा. पडणं थांबलं, तर दोष एसएमपीएस किंवा कार्ड या दोघांतच. कार्डाला दोन ८ पिनी कनेक्टर असतील तर दोन्ही एकाच केबलच्या दोन टोकांनी भरू नका, एसएमपीएसपासून दोन वेगळ्या केबली आणा. शेवटी दुसरा एसएमपीएस लावून बघणं हीच खरी परीक्षा. इथे दोन गोष्टी बजावून सांगते. मॉड्युलर (केबली सुट्या निघणारा) एसएमपीएस बदलताना जुन्याच्या केबली नव्याला लावू नका. टोकं सारखी दिसली तरी आतली तारांची मांडणी वेगळी असू शकते आणि डिस्क जळते. आणि एसएमपीएसचं खोकं उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल इतका भार राहू शकतो.

रॅमकडे वळताना आधी बायोसमध्ये (बोर्डाची मूळ सेटिंग्ज) एक्सएमपी किंवा एक्सपो, म्हणजे रॅमचा वाढीव वेग लावणारी सोय, बंद करा. पाकिटावर छापलेला वेग हा बहुतेक वेळा ओव्हरक्लॉकच, म्हणजे मूळ वेगापेक्षा ताणलेला, असतो, हे विकत घेणाऱ्याला कुणी सांगत नाही. ते बंद केल्यावर मशीन शहाण्यासारखं वागू लागलं तर रॅम बदलायची गरजच नाही, वेग एक पायरी खाली आणा. रॅमच्या चार पट्ट्या लावल्या असतील तर हे हमखास तपासा. डीडीआर५ या पिढीच्या रॅममध्ये चार पट्ट्यांना दोनएवढा वेग झेपत नाही.

मग मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासणारं साधन पेन ड्राइव्हवर घालून रात्रभर चालवा, निदान चार फेऱ्या. एकही चूक चालत नाही. "चुकली फक्त एकदाच" हे ऐकलं की मी पट्टी बाजूला काढते. चुका आल्या तर एकेक पट्टी एकाच स्लॉटमध्ये लावून तपासा. चूक पट्टीबरोबर फिरली तर पट्टी खराब. कुठलीही पट्टी लावली तरी त्याच स्लॉटमध्ये चूक, तर स्लॉट. सगळ्या पट्ट्या सगळीकडे चुकल्या तर प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर किंवा बायोसची सेटिंग. एक पूर्ण चॅनलच (रॅमच्या मार्गांपैकी एक) गायब असेल तर कूलर उतरवून प्रोसेसरच्या सॉकेटच्या पिना बघा; वाकलेली एक पिन किंवा वाकडा कसलेला कूलर एवढं कारण पुरतं. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन पट्ट्या बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसतात. डीडीआर५ मशीन पट्टी हलवल्यावर पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटं काळाच पडदा दाखवतं. ते मेमरीचं ट्रेनिंग चालू असतं, तेव्हा मध्येच प्लग ओढू नका.

खोडरबरने पट्टीचे सोनेरी संपर्क घासायचा इलाज सगळ्यांना ठाऊक आहे. त्याने गुण येतो, पण बऱ्याचदा श्रेय काढून पुन्हा बसवण्याला द्यायला हवं. घासायचंच तर हलक्या हाताने घासा, मुलामा पातळ असतो, आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये जाऊ देऊ नका.

उष्णतेबद्दल थोडक्यात. आजचे प्रोसेसर ९५ ते १०० अंशांजवळ गेले की आधी वेग कमी करतात, लगेच बंद पडत नाहीत. त्यामुळे "९० अंश दिसतंय म्हणून पडतंय" हे निदान सहसा चुकतं. मशीन सुरू केल्यापासून मिनिटभरात तापमान शंभराला भिडत असेल तर मात्र कूलर टेकलेलाच नाही, किंवा त्याच्या तळाला चिकटवलेलं संरक्षक प्लास्टिक काढायचं राहिलं आहे.

प्रोसेसर स्वतः क्वचित मरतो, असं मी पूर्वी बिनधास्त सांगायचे. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या वरच्या डेस्कटॉप प्रोसेसरांनी ते विधान अवघड केलं. त्यांत जास्त व्होल्टेजमुळे कायमची झीज होत होती. २०२४ मध्ये कंपनीने मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) सुधार काढले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. असा प्रोसेसर असेल तर सगळ्यात आधी बायोस अद्ययावत करा. झालेली झीज त्याने भरून निघत नाही, पुढची थांबते. गेम उघडताना भरपूर मेमरी असूनही 'व्हिडिओ मेमरी संपली' असा संदेश येणं, ही या दोषाची ओळखीची खूण.

ताण देऊन बघायचं तर प्राइम९५ या साधनातली स्मॉल एफएफटी चाचणी प्रोसेसरला, ब्लेंड चाचणी रॅमला आणि फरमार्क हे साधन ग्राफिक्सला. तिन्ही एकदम लावू नका, मग कोण पडलं ते कळत नाही. काही मशीनं मात्र ताणाखाली तासन्‌तास टिकतात आणि नुसती पडून असताना कोसळतात. ही जात सगळ्यात चकवणारी. रिकाम्या वेळी प्रोसेसर व्होल्टेज फार खाली नेतो आणि अंडरव्होल्ट केलेला (मुद्दाम कमी व्होल्टेजवर ठेवलेला) असेल तर तिथेच तोल जातो. बायोस मूळ सेटिंगवर आणा. एएमडीचा रायझेन प्रोसेसर असेल तर बायोसमध्ये 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' हा पर्याय 'टिपिकल करंट आयडल'वर ठेवून बघा.

डिस्कसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची प्रकृती दाखवणारं साधन) उघडा आणि ०५, सी५, सी६ या तीन ओळी बघा. सी५ म्हणजे वाचता न येणारे, निकालाच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर. तिथे शून्याखेरीज काही असेल तर पुढची चाचणी नंतर, आधी बॅकअप. सी७ वाढत असेल तर डिस्क नव्हे, केबल बदला.

उरल्या विचित्र तक्रारी, आणि मला त्याच आवडतात. मशीन कधीही रिस्टार्ट होतं, नोंद काहीच नाही, सगळे भाग निर्दोष: कॅबिनेटचं रिसेट बटन अडकलेलं असतं. बोर्डवरून रिसेटची दोन पिनांची तार काढून ठेवा आणि बघा. पेन ड्राइव्ह लावला की अंधार: समोरच्या यूएसबी पोर्टमधली पिन वाकून शॉर्ट होते आहे. टेबलाला धक्का लागला की बंद: बोर्डाखाली सुटा स्क्रू किंवा चुकीच्या जागी बसवलेला स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर टेकतो तो छोटा खांब). वीज क्षणभर गेली की पडतं, यूपीएस असूनही: त्याची बॅटरी संपलेली आहे किंवा त्याचा ओबडधोबड करंट एसएमपीएसला मानवत नाही.

या सगळ्यात एका वेळी एकच गोष्ट बदला आणि ती तारखेसह वहीत लिहा. वॉरंटीत भाग परत करताना हीच वही कामी येते. "अधूनमधून बंद पडतं" म्हटलं की भाग 'दोष आढळला नाही' असा शेरा घेऊन परत येतो, पण "या स्लॉटमध्ये, या पट्टीवर, मेमटेस्टच्या दुसऱ्या फेरीत" असं लिहून दिलं की वाद होत नाही. सगळं तपासून, अदलाबदल करूनही मशीन पडत असेल तर मदरबोर्ड उरतो. त्याची वेगळी चाचणी नसते, तो वजाबाकीतूनच सापडतो; जुन्या बोर्डावर फुगलेले कपॅसिटर दिसले तरच तो आधी सापडतो.

आणि दुरुस्त झालं असं कधी म्हणायचं? पूर्वी किती दिवसांनी पडायचं, त्याच्या तिप्पट काळ त्याच कामावर चालवून. आठवड्यातून एकदा पडणारं मशीन दोन दिवस नीट चाललं म्हणून मी ते परत देत नाही. तीन आठवडे माझ्याच टेबलावर राहतं, झाकण उघडं, वहीचं पान समोर.