पत्र्यावरचे दगड आणि विम्यातली सूट: या चुका टाळा

वळिवाचा पहिला तडाखा बसला की बेळगावपासून खानापूर-निपाणीपर्यंत दोन प्रश्न हमखास निघतात. उडणार नाही असा पत्रा कुठला, आणि तो घातला तर घराच्या विम्याचा हप्ता किती कमी होईल?

दुसऱ्याचं उत्तर आधी. ती सूट अमेरिकेतली. वाऱ्यापासून जपणूक करणाऱ्या बांधकामाला हप्त्यात सवलत देणं फ्लोरिडात विमा कंपन्यांना कायद्यानेच भाग आहे. गारांच्या पट्ट्यात ‘क्लास ४’ छपराला अनेक कंपन्या सूट देतात; २ इंची पोलादी गोळा २० फुटांवरून टाकला तरी न फुटणारं ते छप्पर. तिकडचे व्हिडिओ बघून तेच इथल्या एजंटाकडे मागण्यात अर्थ नाही. आपल्याकडे १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आहे. वादळाचं नुकसान तिच्या मूळ संरक्षणातच येतं, पण भक्कम छपरासाठी ठरलेली सूट तिच्या मजकुरात नाही. पॉलिसी १० वर्षांपर्यंत एकदम घेता येते आणि जास्त वर्षांची घेतली तर बऱ्याच कंपन्या हप्ता थोडा उतरवतात.

आता दगड. “काय होतंय ओ, दगड ठेवलंय की” हे वाक्य ज्या घरात ऐकू येतं त्या घराचा पत्रा जाणार, हे धरून चाला. हिशोब साधा आहे. ताशी १२० किलोमीटरचा वारा चौरस मीटरला ६५ किलोच्या आसपास दाब देतो. १० फूट लांब, साडेतीन फूट रुंद पत्र्यावर ही ओढ २०० किलोच्या घरात जाते आणि पत्र्याचं स्वतःचं वजन जेमतेम १४ किलो. त्यावर दहा-दहा किलोचे चार दगड ठेवून काय होणार? त्यात दार उघडं राहिलं तर वारा आत शिरून खालूनही ढकलतो. वळचणीचा कोपरा आधी फडफडतो, स्क्रूभोवतीचं भोक लांबट होतं, पत्रा स्क्रूच्या डोक्यावरून सुटतो आणि दगड सरळ खाटेवर. एरवीही दगडाखाली ओली माती साचते, जस्त खाल्लं जातं आणि चार पावसाळ्यांत तिथेच भोक पडतं. ते गंजाचं भोक विम्यात बसत नाही, कारण हळूहळू होणारी झीज पॉलिसीबाहेर आहे.

मग करायचं काय? जाड पत्रा मागण्याआधी पत्र्याखालचा पाइप कशाला बांधलाय ते बघा. विटांच्या किंवा जांभ्याच्या भिंतीवर नुसते टेकवलेले पाइप पत्र्यासकट उठतात. भिंतीच्या माथ्यावर सळई घातलेला काँक्रीटचा पट्टा हवा आणि तो ओततानाच त्यात १२ मिमीचे बोल्ट गाडलेले हवेत. पाइपांमधलं अंतर ४ फूट, वळचणीला आणि आढ्याला ३ फूट. पत्रा भिंतीबाहेर फुटापेक्षा जास्त काढू नका. सावलीसाठी दोन-अडीच फूट काढायची हौस इथेच महागात पडते. कडेच्या पाइपावर प्रत्येक उंचवट्याला स्क्रू, मधे एकाआड एक. रबरी वॉशर किंचित फुगला की ड्रिल थांबवायचं. घाईतला पोरगा तो पिचकेपर्यंत आवळतो आणि दोन उन्हाळ्यांत रबर तडकतं.

दुसरी चूक वादळानंतरची, आणि विम्याचे पैसे हीच बुडवते. रात्री पत्रे उडाले की सकाळी भंगारवाला दारात उभा असतो. मुडपलेले पत्रे किलोवर देऊन टाकले की नुकसान तपासायला आलेला विम्याचा सर्व्हेअर बघणार काय? नुसतं आभाळ? आधी चारही बाजूंनी फोटो, मग कंपनीला फोन, मग ताडपत्री. ताडपत्री घालायला परवानगी लागत नाही; आणखी नुकसान होऊ न देणं हे तुमचंच काम. तुटलेले पत्रे, वाकलेले स्क्रू, उपटलेला बोल्ट एका कोपऱ्यात ठेवा. गंज जुना होता की वाऱ्याने फाडलं, हे त्या फाटलेल्या कडेवरूनच कळतं.

पत्रा बसवतानाच त्याच्या पाठीवरच्या छापाचा फोटो काढून ठेवा. कंपनी, जाडी, जस्ताचा थर हे बहुधा तिथे असतं. जीएसटीचं बिल न घेता वाचवलेले हजारभर रुपये क्लेमच्या वेळी भारी पडतात.

ग्राइंडरने पत्रा कापू नका. ठिणग्या रंगात रुततात आणि तिथूनच गंज धरतो. कात्री वापरा.

गळतीवर डांबर फासणं म्हणजे गळती झाकणं.

अर्जात ‘पक्कं’ लिहून मागचा अर्धा भाग ताडपत्रीचा किंवा गवताचा ठेवू नका. तो कच्च्या बांधकामात मोडतो.

बेळगावच्या वडगाव-खासबागेत बऱ्याच ठिकाणी घरातच यंत्रमाग असतो. घराची पॉलिसी राहत्या घरासाठी आहे. मागाची खोली लपवून घेतलेली पॉलिसी नेमकी नडीला आडवी येते, म्हणून त्या खोलीचा वेगळा विमा काढा.

आणि उतारा बघा. घर अजून आजोबांच्या नावावर, हप्ता नातवाच्या खात्यातून, कन्नड उताऱ्यावर नाव एक आणि आधारवर दुसरं, असं इथे घरोघरी आहे. वारसा नोंद पॉलिसी काढण्याआधी करा; छप्पर उडाल्यावर कचेरीच्या खेपा घालायला सवड नसते.