सहा शून्यांमुळे न सापडलेला ग्राहक

पुण्यात एबॅप (एसएपी या व्यवसाय-सॉफ्टवेअरची प्रोग्रामिंग भाषा) डेव्हलपर म्हणून रुजू झाले तेव्हा पहिलं काम अगदी साधं मिळालं. एक्सेल फाइल अपलोड करायची, त्यातला प्रत्येक ग्राहक क्रमांक केएनए१ या ग्राहकांच्या टेबलमध्ये शोधायचा आणि शेजारी नाव दाखवायचं. प्रोग्राम चालवला, तर एकूण एक ओळीपुढे 'ग्राहक सापडला नाही'. टेबल उघडलं की १२३४ हा ग्राहक तिथे स्पष्ट दिसायचा. अख्खा दिवस मी टेबलमधून डेटा आणणारी सिलेक्टची ओळच तपासत बसले. संध्याकाळी माझ्या सीनियरने डीबगर (प्रोग्राम थांबवून आतली मूल्यं दाखवणारं साधन) लावून त्या फील्डमध्ये खरं काय आहे ते दाखवलं: ००००००१२३४.

एसएपीमधला ग्राहक क्रमांक हा आकडा नसून दहा अक्षरांचा मजकूर आहे, हे तेव्हा नीट कळलं. मजकूर म्हणून लावलं तर १० हा ९ च्या आधी येतो, म्हणून डावीकडे शून्यं भरून सगळे क्रमांक एका लांबीचे ठेवतात. हे काम अल्फा नावाचं कन्व्हर्जन रूटीन करतं: आत जाताना शून्यं लावतं, स्क्रीनवर दाखवताना काढतं. सिलेक्शन स्क्रीनवरचं फील्ड त्याच डेटा एलिमेंटचं, म्हणजे एसएपीत ठरवलेल्या त्याच फील्ड-प्रकाराचं असेल तर सगळं आपोआप होतं. फाइलमधून किंवा दुसऱ्या सिस्टिममधून आलेल्या क्रमांकाला मात्र कोणी हात लावत नाही, तिथे शून्यं आपणच लावायची.

जुन्या प्रोग्राममध्ये त्यासाठी 'कन्व्हर्जन एक्झिट अल्फा इनपुट' हे फंक्शन मॉड्यूल (तयार फंक्शन) दिसेल. एबॅपच्या ७.४० आवृत्तीपासून स्ट्रिंग टेम्प्लेटमध्येच, म्हणजे मजकुरात व्हेरिएबल बसवायच्या रचनेतच, 'अल्फा = इन' लिहिता येतं, आणि मला तेच आवडतं, कारण वाचणाऱ्याला हेतू एका ओळीत कळतो. फक्त एक जपा. व्हेरिएबल स्ट्रिंग प्रकारचं (लांबी ठरलेली नसलेला मजकूर) असेल आणि विड्थ, म्हणजे रुंदी, दिली नसेल, तर लांबी त्या स्ट्रिंगचीच धरली जाते. म्हणजे १२३४ चे १२३४ च राहतात, एररही येत नाही. एक्सेलमधून आलेला डेटा बहुतेक वेळा स्ट्रिंगच असतो, त्यामुळे नवीन मुलं इथे हमखास अडकतात.

हातात खरा पूर्णांक असेल तर गोष्ट वेगळी. तो सरळ कॅरॅक्टर फील्डमध्ये टाकला तर उजवीकडे सरकून बसतो, डावीकडे रिकाम्या जागा येतात आणि शेवटची एक जागा चिन्हासाठी राहते. तिथे स्ट्रिंग टेम्प्लेटमध्ये विड्थ, अलाइन राइट (उजवीकडे लावणं) आणि पॅड शून्य (रिकाम्या जागी शून्य) हे तिन्ही द्या. रक्कम अशी भरू नका: उणे ५ चं ००००००००-५ होतं, आणि बँकेच्या फाइलमध्ये ते चालणार नाही.

सगळ्यात जास्त भीती मला न्यूमसी, म्हणजे फक्त अंक ठेवणाऱ्या एन प्रकाराची वाटते. शून्यं आपोआप भरतो म्हणून तो सोयीचा वाटतो. पण ए१२ असा क्रमांक त्यात टाकला तर अक्षर गुपचूप गळतं आणि उरतं ००००००००१२, म्हणजे दुसराच ग्राहक! शून्यं भरणाऱ्या अनपॅक या जुन्या कमांडला ए१२ दिलं तर निदान डंप येतो (प्रोग्राम एरर देऊन बंद पडतो), चूक समोर दिसते. अल्फा मात्र नुसते अंक असतील तरच शून्यं लावतं, ए१२ ला जसंच्या तसं ठेवतं. म्हणून मास्टर डेटाच्या (ग्राहक, मटेरियल अशा मूळ नोंदींच्या) क्रमांकांना स्वतःचं लूप किंवा पॅड लिहू नका.

मटेरियल (माल) क्रमांकाला अल्फा चालत नाही, त्याचं रूटीन मॅटएन१. एसएपीच्या नव्या पिढीच्या एस/४हानामध्ये हे फील्ड १८ वरून ४० अक्षरांचं झालं, पण नुसते अंक असलेला क्रमांक नेहमीच्या सेटिंगमध्ये १८ पर्यंतच शून्यं भरून साठवला जातो. तिथे सवयीने 'अल्फा = इन' लावलं की चाळीसच्या चाळीस जागा भरतात आणि मटेरियल सापडत नाही. म्हणून कोड लिहिण्याआधी एसई११ या टेबल-फील्डची माहिती दाखवणाऱ्या स्क्रीनवर त्या फील्डचं डोमेन (प्रकार, लांबी आणि रूटीन ठरवणारी नोंद) उघडा आणि कन्व्हर्जन रूटीनसमोर काय लिहिलंय ते वाचा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. मग टेस्टला किमान चार क्रमांक घ्या: १२३४, पूर्ण दहा अंकी, ए१२ आणि एक रिकामा. आणि निकाल स्क्रीनवर नाही, डीबगरमध्ये बघा.