आजीचं गोंदण न पुसता जुना फोटो कसा साफ करायचा

घरात आजीचा धड असा एकच फोटो होता. कृष्णधवल, पिवळा पडलेला, कपाळापासून खांद्यापर्यंत घडीची भेग. वर्षश्राद्धाआधी तो आठ बाय बारा इंचांत फ्रेम करायचा होता. फोटोशॉप माझ्याकडे नाही, म्हणून फोटोपी वापरलं. ते ब्राउझरमध्येच चालतं, फुकट आहे (जाहिराती सोसायच्या), आणि फोटो आपल्याच संगणकावर राहतो.

आधी स्कॅन. मोबाइलनं फोटोचा फोटो काढू नका, ट्यूबलाइटची चमक त्यात येतेच. छापायला इंचाला ३०० पिक्सेल धरतात, म्हणजे ८ × १२ ला २४०० × ३६०० हवेत. माझा मूळ फोटो साडेतीन बाय साडेपाच इंचांचा. ३०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) त्याची रुंदी जेमतेम १०५० पिक्सेल भरली असती. १२०० वर स्कॅन केल्यावर ४२०० × ६६०० मिळाले. काच आधी पुसा. आणि फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच करा.

का, तर रंगीत फोटो लाल, हिरवा, निळा अशा तीन चॅनलचा बनतो; पिवळा डाग निळ्या चॅनलमध्ये गडद दिसतो, लाल चॅनलमध्ये फारसा दिसत नाही. इमेज मेनूत अ‍ॅडजस्टमेंट्स, त्यात चॅनल मिक्सर. मोनोक्रोमवर टिक करा, लाल १००, बाकीचे दोन्ही शून्य. निम्मे डाग तिथेच गेले. मग कंट्रोल-एल दाबून लेव्हल्स उघडा आणि दोन्ही टोकांचे त्रिकोण आलेखाचा डोंगर सुरू होतो तिथपर्यंत आत घ्या. फिकटलेला चेहरा उठून येतो.

आता कंट्रोल-जे. म्हणजे लेयरची, चित्राच्या थराची, वर आणखी एक प्रत. हे मी पहिल्या वेळी केलं नव्हतं, त्याची गोष्ट पुढे येते.

धुळीच्या ठिपक्यांना स्पॉट हीलिंग ब्रश, ठिपक्याहून किंचित मोठा. भेगेला मात्र तो लावू नका. साडीच्या काठावर त्यानं नुसता चिखल केला. तिथे क्लोन स्टॅम्प घ्या: अल्ट धरून शाबूत काठावर क्लिक, मग भेगेवर छोटे छोटे ठोके. लांब फराटे ओढलेत तर तोच नक्षीचा तुकडा पुन्हा पुन्हा उमटतो.

मी दोन रात्री बसून चेहरा लख्ख केला. आत्याला दाखवला तर ती म्हणाली, "अरे, आईच्या हनुवटीवरचं गोंदण कुठं गेलं?" ते तीन ठिपके मी धूळ समजून पुसले होते. प्रत नव्हती, फाइल मिटली होती, सगळं पहिल्यापासून. आता नियम असा, की ब्रश हातात घेण्याआधी त्या माणसाला ओळखणाऱ्या कुणाला तरी शेजारी बसवायचं. आणि प्रत असली, की वरच्या लेयरवर खोडरबर फिरवून खालचं गोंदण परत आणता येतं. काम पीएसडी (सगळे लेयर जपणारी फाइल) म्हणून सेव्ह करत राहा. टॅब मिटला की सगळं जातं.

छपाईआधी कापणी आपणच करा. ८ × १२ चं प्रमाण २:३, माझ्या स्कॅनचं तसं नव्हतं. पहिल्या खेपेला तशीच फाइल दिली तर लॅबनं अंबाडा उडवला! क्रॉप टूलमध्ये २:३ टाकून खालून ३०० पिक्सेल काढले, ४२०० × ६३०० राहिले, ते इमेज साइजमध्ये २४०० × ३६०० केले. जेपीजी काढताना क्वालिटी १०० टक्के. सीएमवायकेच्या (छापखान्याच्या शाईच्या रंगपद्धतीच्या) भानगडीत पडू नका, फोटो लॅबला साधी एसआरजीबी (स्क्रीनच्या नेहमीच्या रंगपद्धतीची) फाइलच लागते.

स्क्रीनचा उजेड निम्म्यावर आणून एकदा पाहा, कारण कागद स्क्रीनपेक्षा काळपट दिसतो. आधी एक ४ × ६ काढून बघा. लॅबला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून, फोटो म्हणून पाठवलात तर पिक्सेल गळतात. 'ऑटो करेक्शन नको' हे काउंटरवर तोंडानं सांगा. कागद मॅट घ्या, आणि फ्रेमवाल्याला माउंट (फोटोभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) लावायला सांगा, नाहीतर पावसाळ्यात फोटो काचेला चिकटतो.