धंद्याचं आणि स्वतःचं नाव ऑनलाइन कसं सांभाळायचं

लातूरला क्लासेसच्या भागात आमची घरगुती मेस आहे. नांदेड, परभणी, हिंगोली, बीड, कुठून कुठून पोरं नीटची तयारी करायला येतात. दहावीचा निकाल लागला की आईबाप आधी गुगल मॅपवर बघतात कुठली मेस बरी आहे आणि मगच फोन करतात, म्हणजे आपलं ताट त्यांच्यापुढं जायच्या आधीच मत झालेलं असतं.

दोन वर्षांपूर्वी एका पोरानं एक स्टार दिला. खाली लिहिलं होतं, "वरण पाण्यासारखं, भाकरी कच्ची, मालक नीट बोलत नाही." रात्रीचे अकरा वाजले होते, भांडी आवरून नुकताच टेकलो होतो, डोकं फिरलं आणि तिथंच टाकलं, "आधी दोन महिन्याचे पैसे दे मग बोल." जूनमध्ये हिंगोलीचे एक काका पोरीला घेऊन आले, दोघं जेवले, जेवण आवडलं म्हणाले, आणि मोबाईल काढून माझं तेच उत्तर माझ्यापुढं धरलं. "उद्या आमच्या हळदीचे पैसे अडकले, महिनाभर उशीर झाला, तर आमच्या लेकीचं नावबी असंच चव्हाट्यावर आणताल का?" मला काही बोलताच आलं नाही. पोरगी दुसऱ्या मेसला गेली.

तेव्हापासून एक पक्कं धरलंय, रिव्ह्यूचं उत्तर रिव्ह्यू लिहिणाऱ्याला नसतं, पुढं वाचणाऱ्याला असतं. खालचं सगळं त्यातूनच शिकलेलं आहे.

आधी आपल्याबद्दल काय सापडतं ते बघा. क्रोमची इनकॉग्निटो विंडो उघडा, कारण नेहमीच्या विंडोत गुगल आपल्या सवयीप्रमाणं दाखवतं. दुकानाचं नाव, स्वतःचं नाव, मोबाईल नंबर, सगळं टाकून बघा, मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही. गावाचं नाव बदललंय त्यांनी तर नक्कीच बघा. संभाजीनगर आणि धाराशिवची नावं २०२३ मध्ये अधिकृत बदलली पण लोक अजून औरंगाबाद, उस्मानाबाद टाकून शोधायलेत, त्यामुळं दोन्ही नावांनी शोधून बघा. एका ठिकाणी जुना पत्ता, दुसरीकडं बंद पडलेला नंबर असं असेल तर लोकांना वाटतं दुकानच बंद झालं.

मग गुगल बिझनेस प्रोफाईल, म्हणजे गुगल मॅपवरचं आपल्या दुकानाचं पान, आपल्या ताब्यात घ्या. फुकट आहे. कुणी फोन करून म्हणालं "गुगलमधून बोलतोय, पैसे भरा नाहीतर लिस्टिंग बंद होईल" तर सरळ फोन ठेवा. व्हेरिफिकेशनला बऱ्याचदा व्हिडिओ मागतात, त्यात बाहेरची पाटी, रस्ता आणि आतला गल्ला किंवा किचन दिसलं पाहिजे. ज्या जीमेलवरून कराल तो घरच्याचाच असू द्या, नोकरी सोडून जाणाऱ्या पोराचा नको, नंतर लई त्रास होतो. आणि आठवड्यातून एकदा उघडून बघत जा, कारण मॅपवर कुणीही बदल सुचवू शकतं, वेळ बदला, नंबर बदला, इतकंच काय "कायमचं बंद" असंसुद्धा. दिवाळीत पोरं गावी जातात तेव्हा आम्ही सुट्टीच्या वेळा आधीच टाकतो.

आता वाईट रिव्ह्यू. मालकाला तो डिलीट करता येत नाही. रिपोर्ट करता येतो, पण शिवीगाळ असेल, भलत्याच दुकानाबद्दल असेल, स्पर्धकानं मुद्दाम टाकलेला असेल, असं नियमाबाहेरचं काही असेल तरच गुगल काढतं. "भाकरी कच्ची" हे त्याचं मत आहे, ते राहणार. तेव्हा रात्री उत्तर लिहायचंच नाही. सकाळी आधी किचनमध्ये विचारायचं की खरंच झालं होतं का. आमच्याकडं खरंच झालं होतं, भाकरी करणाऱ्या मावशी त्या आठवड्यात गावी गेल्या होत्या. आज तोच रिव्ह्यू आला असता तर मी असं लिहिलं असतं:

"नमस्कार दादा. त्या आठवड्यात भाकरी करणाऱ्या मावशी सुट्टीवर होत्या, भाकरी नीट झाली नाही, चूक आमची आहे. आता बदलीला दुसऱ्या मावशी ठेवल्यात. माझ्या बोलण्याचं वाईट वाटलं असेल तर माफ करा. एकदा या, नाहीतर मेसच्या नंबरवर फोन करा."

बस. काय चुकलं, काय बदललं, कुठं बोलायचं. उधारी, पोराचं नाव, क्लास, घरचं काही म्हणजे काही त्यात येऊ द्यायचं नाही. जुनं चुकीचं उत्तर असेल तर तेही एडिट करता येतं, मी माझं हिंगोलीचे काका येऊन गेले त्याच रात्री बदललं.

आकड्याचंही समजून घ्या. पाच स्टारचे फक्त १० रिव्ह्यू असतील आणि एक जण एक स्टार देऊन गेला तर सरासरी ४.६ वर येते. तेच ६० असतील तर ४.९ वरच राहते. म्हणून खूश असलेल्या माणसाला त्याच वेळी सांगायचं, "काका, दोन ओळी लिहा ना." प्रोफाईलमधून रिव्ह्यूची लिंक आणि क्यूआर मिळतो, तो हात धुवायच्या जागेजवळ चिकटवा. पण रिव्ह्यूच्या बदल्यात फुकट जेवण, सवलत द्यायची नाही, गुगलच्या नियमात बसत नाही. पाच स्टार विकणारे एजंटही फोन करतात, त्यांच्या नादी लागू नका, गुगलनं पकडलं तर रिव्ह्यू उडतात आणि नवीन येणंही काही काळ बंद होऊ शकतं.

खरंच कुणी खोटं पसरवून बदनामी करत असेल तर भारतीय न्याय संहितेचं ३५६ कलम आहे, वकिलाला विचारून ठरवा. आयटी कायद्याचं ६६अ लावू म्हणणाऱ्याचं ऐकू नका, ते कलम सुप्रीम कोर्टानं २०१५ मध्येच रद्द केलंय.

स्वतःच्या नावाचं म्हणाल तर पोरांना एवढंच सांगतो, हातात कोयता घेऊन रील टाकू नका. अशा रीलवरून गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या आपण वाचतोच, आणि रील डिलीट केली तरी कुणाच्या तरी मोबाईलमध्ये राहतेच.

मोठा घोळ होतो तो फेसबुकच्या खोट्या अकाउंटचा. आपलाच फोटो, आपलंच नाव, आणि सगळ्यांना मेसेज, "अर्जंट पैसे पाठव" किंवा "ओळखीच्या साहेबांची बदली झाली, फर्निचर स्वस्तात आहे." खोटं अकाउंट काढणारा भामटा बऱ्याचदा आपल्याला ब्लॉक करून ठेवतो, म्हणून आपल्याला ते दिसत नाही. मित्राकडून त्या प्रोफाईलची लिंक आणि स्क्रीनशॉट मागवा, आणि हे रिपोर्ट करायच्या आधी, नंतर सापडत नाही. मग मित्रांना तिथल्या तीन टिंबांवरून रिपोर्ट करायला लावा, दुसऱ्याचं नाव वापरतोय असा पर्याय असतो. लगेच व्हॉट्सअॅप स्टेटस आणि गावच्या, नातेवाईकांच्या ग्रुपवर टाका की पैसे पाठवू नका, लाज वाटून गप्प बसू नका. कुणाचे पैसे गेलेच तर तासाभराचाही उशीर न करता १९३० ला फोन, आणि सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार. आयटी कायद्यात यासाठी ६६सी आणि ६६डी ही कलमं आहेत.

फ्रेंड लिस्ट "फक्त मी" वर करून ठेवा, मेसेज कुणाला करायचा हे भामटा तिथूनच उचलतो. व्हॉट्सअॅपला टू स्टेप पिन, म्हणजे दुसऱ्या फोनवर आपलं व्हॉट्सअॅप चालू करताना विचारला जाणारा आकडी पिन, लावा. आणि खोटं अकाउंट गेलं तरी तोच फोटो लावून दुसरं निघू शकतं, म्हणून लिंक, स्क्रीनशॉट आणि तक्रारीचा नंबर जपून ठेवा, पुन्हा तक्रार करताना तोच नंबर दाखवायचा.